एसएसडी आणि होस्टमधला संवाद: पेटंट परीक्षक दाव्यातला होस्ट मोजतच नाहीत, हे बरोबर आहे का?

शून्यक्षेत्र
नमस्कार मंडळी. स्टोरेज आणि पेटंट या दोन्हींत मुरलेले काही जण इथे आहेत, म्हणून विचारते. आमच्या गटाचा एक अर्ज सध्या तपासणीत आहे. अर्ज प्रकाशित झालाय, त्यामुळे इथे लिहायला अडचण नाही.

एसएसडीला (फ्लॅश मेमरीच्या ड्राइव्हला) स्वतःची अंतर्गत कामं असतात: गार्बेज कलेक्शन (निरुपयोगी डेटाची जागा मोकळी करणं), वेअर लेव्हलिंग (झीज सगळ्या ब्लॉकमध्ये सारखी वाटणं), सारखे वाचून विस्कटत चाललेले ब्लॉक दुसरीकडे नव्याने लिहिणं. ही कामं चालू असताना होस्टच्या, म्हणजे ड्राइव्ह ज्या कॉम्प्युटरला जोडलाय त्याच्या, रीड कमांडला उशिरा उत्तर मिळतं. आमचा कंट्रोलर (ड्राइव्हमधली नियंत्रक चिप) या कामांची होस्टला आधी सूचना देतो, होस्ट "आत्ता नको" म्हणू शकतो आणि कंट्रोलर त्याप्रमाणे वेळापत्रक लावतो.

पहिला दावा (हक्क नेमका कशावर मागतोय ते सांगणारं वाक्य), मराठीत सोपा करून:
"एक साठवण उपकरण, ज्यात नॉन-व्होलटाइल मेमरी व कंट्रोलर आहे, कंट्रोलर होस्टला व्यवस्थापन माहिती पाठवतो, होस्ट त्या माहितीवरून कामांचा क्रम ठरवून उपकरणाला कळवतो, कंट्रोलर त्या क्रमाने पार्श्वभूमीतली कामं करतो."

भारतातला पहिला तपासणी अहवाल आणि अमेरिकेतली पहिली ऑफिस ॲक्शन पाठोपाठ आल्या. हे आधीपासून माहीत होतं असं दाखवायला दोन्हीकडे दोन दस्तऐवज लावलेत: डी१ म्हणून ईएमएमसी (मोबाइलसारख्या उपकरणांतल्या फ्लॅश साठवणीचं) स्टँडर्ड आणि डी२ म्हणून एनव्हीएमई (एसएसडी आणि होस्टमधल्या संवादाचं स्टँडर्ड) १.४. भारतात शिवाय कलम ३(के), म्हणजे निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम वा अल्गोरिदमला पेटंट नाही, हा आक्षेप. पण मला खटकलं ते अमेरिकन परीक्षकाचं एक वाक्य: "होस्ट क्रम ठरवतो" ही उपकरणाबाहेरची कृती असल्यामुळे तिला वजन देता येत नाही. आमच्या शोधाचा गाभाच तो आहे! हे असं वगळता येतं?

कागदीघोडा
येतं, आणि या प्रकारच्या दाव्यांत हे अगदी नेहमीचं आहे.

तुमच्या दाव्याचं पहिलं वाक्य सांगतं की तुम्ही "साठवण उपकरण" मागताय. म्हणजे हक्क मिळाला तर तो त्या डब्यावर. डब्यात काय आहे आणि तो काय करू शकतो, एवढंच परीक्षक मोजणार. होस्टने डोक्यात काय ठरवलं याने डब्याची रचना बदलत नाही. तोच डबा दुसऱ्या होस्टला जोडला, त्याने क्रम न ठरवता आंधळेपणाने काहीतरी पाठवलं, तरी डबा तोच राहतो.

उपाय सरळ आहे. प्रत्येक वाक्याचा कर्ता कंट्रोलर करा. "होस्ट ठरवतो" काढा, "कंट्रोलर होस्टकडून अमुक मजकूर असलेली विनंती स्वीकारतो आणि त्यावर तमुक करतो" असं लिहा. मग तीच गोष्ट उपकरणाची क्षमता होते आणि परीक्षकाला ती डी१, डी२ मध्ये शोधावीच लागते.

उलटतपासणी
कागदीघोडा यांच्याशी सहमत, आणि यात आणखी एक धोका आहे. उपकरणाच्या दाव्यात वापरणाऱ्याची कृती मिसळली तर दावा नुसता दुबळा होत नाही, संदिग्ध म्हणून रद्दही होऊ शकतो. आयपीएक्सएल विरुद्ध ॲमेझॉन, फेडरल सर्किट (अमेरिकेतलं पेटंट अपिलांचं कोर्ट), २००५. तिथे सिस्टीमच्या दाव्यात "वापरकर्ता अमुक करतो" असं घुसलं होतं. कोर्ट म्हणालं, उल्लंघन कधी झालं, सिस्टीम बनवली तेव्हा की वापरकर्त्याने ती कृती केली तेव्हा, हेच कळत नाही. दावा गेला. तुमचं "होस्ट ठरवतो आणि कळवतो" त्याच वाटेवर आहे.

मंदाकिनी_क
भाबडा प्रश्न: मग "होस्ट आणि उपकरण मिळून सिस्टीम" असाच दावा का मागू नये? त्यात होस्टही मोजला जाईल ना?

उलटतपासणी
अजिबात भाबडा नाही. तपासणीत तो मोजला जाईलच. अडचण नंतर कोर्टात येते. एसएसडी एक कंपनी बनवते, सर्व्हर दुसरी, ड्रायव्हर कोणी तिसराच लिहितो. सगळी सिस्टीम एकत्र कोण "बनवतो"? सेंटिलियन विरुद्ध क्वेस्ट (२०११) नुसार सिस्टीम "वापरणारा" तो, जो तिला संपूर्णपणे कामाला लावतो आणि तिचा फायदा घेतो. बहुतेक वेळा तो डेटा सेंटर चालवणारा निघतो, म्हणजे तुमचाच संभाव्य ग्राहक. त्याच्यावर दावा लावायला कोणाला आवडेल?

पद्धतीच्या दाव्यात तर अर्ध्या पायऱ्या ड्राइव्हच्या आणि अर्ध्या होस्टच्या असल्या की थेट उल्लंघनासाठी सगळ्या पायऱ्या एकाच्या माथी मारता आल्या पाहिजेत. अकामाई विरुद्ध लाइमलाइट हा वाद २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टात आणि २०१५ मध्ये पुन्हा फेडरल सर्किटच्या पूर्ण पीठापुढे गेला तो याच प्रश्नावर. एकाच्या सांगण्याने वा नियंत्रणाखाली दुसरा करत असेल तर जबाबदारी पहिल्यावर येते, पण ते सिद्ध करत बसावं लागतं.

म्हणून संवादावरचे दावे दोन्ही टोकांनी वेगवेगळे लिहायचे: उपकरणाचा एक, होस्टचा एक. प्रत्येकाचा कर्ता एकच. सिस्टीमचा दावा हवा तर तिसरा, पण भरवसा त्याच्यावर नाही.

तळटीप
युरोपात जाणार असाल तर हे सोपं जातं. तिथे एका प्रकारचा एकच स्वतंत्र दावा असा सर्वसाधारण नियम असला तरी युरोपीय पेटंट नियम ४३(२) मध्ये परस्परांशी जोडलेल्या उत्पादनांना सूट आहे. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ड्राइव्ह आणि होस्ट त्यात चपखल बसतात. मात्र दोन्ही दाव्यांत नावीन्याचा धागा समान हवा, नाहीतर एकाच शोधाचे नाहीत असा आक्षेप येतो.

ड्रायव्हरवाला
मी लिनक्सवर स्टोरेज ड्रायव्हर लिहितो. मला परीक्षकाची बाजू घ्यायची आहे.

वरचा दावा जसा लिहिलाय तसा मंजूर झाला तर तो जगातल्या निम्म्या ड्राइव्हवर बसेल. "व्यवस्थापन माहिती" म्हणजे काय? स्मार्ट लॉग (ड्राइव्हच्या प्रकृतीची नोंद) ही व्यवस्थापन माहितीच आहे. तापमानाची सूचना व्यवस्थापन माहितीच आहे. एनव्हीएमईमध्ये गेट लॉग पेज (ड्राइव्हच्या नोंदी वाचणं) आहे, सेट फीचर्स (ड्राइव्हची सेटिंग बदलणं) आहे, असिंक्रोनस इव्हेंट रिक्वेस्ट आहे. होस्ट ती रिक्वेस्ट आधीच देऊन ठेवतो, ड्राइव्हमध्ये काही घडलं की ती पूर्ण होऊन परत येते. ड्राइव्हने होस्टला "पाठवणं" ते हेच. पहिलं एनव्हीएमई २०११ चं, हा संवाद तेव्हापासून आहे. ड्राइव्ह आणि होस्ट एकमेकांशी बोलतात यावर कोणाचीही मालकी असू नये असं मला मनापासून वाटतं. त्या बोलण्यावरच आम्ही सगळे उभे आहोत.

शून्यक्षेत्र
ड्रायव्हरवाला, तुमची काळजी समजते. बोलण्यावर मालकी आम्हालाही नकोय. आमच्या ड्राइव्हवर टेल लेटन्सी (सर्वांत उशिरा मिळणाऱ्या उत्तरांना लागणारा वेळ) खरोखर खाली आली, आणि ज्या युक्तीने आली तिला संरक्षण हवंय. परीक्षक दाव्यातल्या शब्दांचा सर्वांत व्यापक वाजवी अर्थ घेतात हे कळलं. मग युक्तीचा नेमका कुठला भाग टिकेल?

खटपट्या
मी मोबाइल आणि एम्बेडेडमध्ये ईएमएमसीवर बरंच काम केलंय, म्हणून डी१ बद्दल लिहितो. २०१० च्या ईएमएमसी ४.४१ पासून पार्श्वभूमीतल्या कामांची सोय आहे. कार्ड एका स्टेटस फील्डमध्ये निकड सांगतं: ० म्हणजे काही काम नाही, १ म्हणजे आहे पण गंभीर नाही, २ म्हणजे वेगावर परिणाम होतोय, ३ म्हणजे गंभीर. होस्टला सोयीची वेळ मिळाली की तो बीकेऑप्स-स्टार्ट या फील्डमध्ये लिहून कामं सुरू करतो, आणि मध्येच घाईचं वाचन आलं तर एचपीआय (चालू काम मध्येच तोडण्याची सोय) वापरून थांबवतो. यूएफएसमध्येही (मोबाइल साठवणीचं आणखी एक स्टँडर्ड) तेच चार स्तर आहेत.

म्हणजे "उपकरण सांगतं, होस्ट वेळ ठरवतो, उपकरण त्यानुसार करतं" एवढं सगळं डी१ मध्ये आहे. तुमचा पहिला दावा डी१ एकटाच खातो, डी२ ची गरजसुद्धा नाही.

तळटीप
डी२ मधला संबंधित भाग बहुधा प्रेडिक्टेबल लेटन्सी मोड असेल. एनव्हीएमई १.४ जून २०१९ चं. त्यात दोन खिडक्या आहेत, एक निश्चित लेटन्सीची आणि एक अनिश्चित. होस्ट सेट फीचर्सने खिडकी निवडतो, ड्राइव्ह अंतर्गत कामं अनिश्चित खिडकीत करतो. निश्चित खिडकीत साधारण किती रीड, किती राइट, किती वेळ मिळेल याचे अंदाज लॉग पेजमध्ये मिळतात, आणि अगदीच निभत नसेल तर ड्राइव्ह स्वतःहून खिडकी बदलू शकतो.

तुमची प्राधान्य तारीख (जिच्याआधीचं तंत्र अर्जाविरुद्ध मोजलं जातं ती) कोणती? आणि स्टँडर्डच्या समितीत तुमच्यापैकी कोणी ही कल्पना अर्जाआधी मांडली होती का? मंजूर होऊन सर्वांना मिळणारं स्टँडर्ड हे प्रायर आर्ट (आधीपासून ज्ञात तंत्र) असतं यात वाद नाही. फक्त सदस्यांना दिसणारा मसुदा "सार्वजनिक" होता का, यावर मात्र भांडता येतं.

शून्यक्षेत्र
प्राधान्य तारीख १.४ नंतरची आहे, त्यामुळे डी२ च्या तारखेवर भांडायला जागा नाही. समितीत आम्ही काही दिलेलं नाही.

खटपट्या, त्या चार स्तरांबद्दल: आमच्याकडे स्तर नाहीत. प्रत्येक कामाला एक ओळख क्रमांक आणि एक शेवटची मुदत असते. ब्लॉकवर किती वेळा रीड झालं आणि त्यातला डेटा अजून किती टिकेल यावरून कंट्रोलर ती मुदत काढतो. होस्टला कळतं की काम क्रमांक अमुक अमुक वेळेपर्यंत लांबवता येईल. होस्टने मुदतीपलीकडे ढकलायला सांगितलं तर कंट्रोलर नकार देतो. होस्टकडून काहीच आलं नाही तर मुदतीआधी स्वतः काम उरकतो. हे तिसऱ्या आणि सातव्या अवलंबी (आधीच्या दाव्यात आणखी अटी घालणाऱ्या) दाव्यांत आहे.

कागदीघोडा
मग शोध तिसऱ्या आणि सातव्या दाव्यांत आहे, पहिल्यात नाही! पहिल्या दाव्यात आहे तो फक्त संवाद. संवाद कोणालाही सुचतो. काय सांगितलं जातं आणि उत्तर आलं नाही तर काय होतं, इथे तुमचा गट काहीतरी वेगळं करतोय.

खटपट्या
थोडा वाद घालतो. स्तर ३ "गंभीर" म्हणजे मुदत जवळ आलीच की. परीक्षक म्हणेल, स्तराऐवजी वेळ लिहिणं यात कसली बुद्धी लागते?

ड्रायव्हरवाला
नाही, हे मला पटत नाही, आणि मी तर परीक्षकाच्या बाजूचा! स्तर म्हणजे नदीकाठची धोक्याची खूण, मुदत म्हणजे पाणी तिथवर यायला किती तास लागतील याचा अंदाज. खूण ओलांडल्यावर होस्टच्या हातात एकच गोष्ट उरते, आत्ता थांबणं. अंदाज असेल तर मी शेड्युलरमध्ये पुढच्या कामांची आखणी करू शकतो. एका ड्राइव्हचं काम चालू असताना रीड दुसऱ्या प्रतीकडे वळवू शकतो. शिवाय ईएमएमसीमधला स्तर सगळ्या कार्डाचा मिळून एक असतो. इथे एकेका कामाची वेगळी मुदत आहे. स्तरांवरून तिथे पोचायचं तर ड्राइव्हला ब्लॉकनिहाय हिशेब होस्टपुढे उघडावा लागतो, आणि ते डी१ मध्ये कुठेही सुचवलेलं नाही.

आणि होस्ट गप्प बसला तर काय, हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. होस्ट अडकतात, रीसेट होतात, ड्रायव्हर अनलोड होतो. ड्राइव्हने डेटाची सुरक्षितता होस्टच्या उत्तरावर टांगून ठेवली तर डेटा जाईल. ही व्यवस्था तसं होऊ देत नाही. एवढ्यावर पेटंट मिळालं तर माझी हरकत नाही.

वाचनमात्र
धागा वाचनखुणांत साठवला. ड्राइव्ह आणि होस्ट एवढं छान बोलले असते तर लेटन्सीचा प्रश्नच उरला नसता!

तळटीप
ड्रायव्हरवाला यांनी जे लिहिलं तेच कल्पकतेच्या (हे सहज सुचण्यासारखं आहे, या) आक्षेपाला उत्तर आहे, जवळजवळ जसंच्या तसं. मात्र अमेरिकेत "डी१ आणि डी२ जोडा असं कुठे लिहिलंय?" एवढंच विचारून भागत नाही. केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स (२००७) नंतर साधी व्यवहारबुद्धी हेही जोडण्याचं कारण होऊ शकतं. म्हणून दाखवा की दोन्ही जोडूनसुद्धा तुमचं उपकरण तयार होत नाही. डी१ मधून स्तर मिळतो, डी२ मधून सगळ्या एनव्हीएम सेटची (ड्राइव्हमधल्या मेमरीच्या एका अख्ख्या गटाची) खिडकी मिळते. कामनिहाय मुदत दोन्हींत नाही, आणि मुदतीपलीकडची विनंती नाकारणंही नाही. डी२ मधला ड्राइव्ह स्वतःहून खिडकी बदलतो याचा परीक्षक उपयोग करतील, त्याला उत्तर तयार ठेवा: तो बदल एखाद्या विनंतीला दिलेला नकार नसतो.

मंदाकिनी_क
"उत्तर आलं नाही तर" हे पद्धतीच्या दाव्यातही घालता येईल ना?

कागदीघोडा
घालता येईल, पण जपून. अमेरिकेत एक्स पार्टे शुलहाउझर (२०१६) नावाचा अपील मंडळाचा पायंडा आहे. पद्धतीच्या दाव्यात "अमुक झालं तर तमुक" अशी पायरी असेल आणि ते "अमुक" घडलंच पाहिजे असं दावा म्हणत नसेल, तर परीक्षकाला ती पायरी प्रायर आर्टमध्ये दाखवावी लागत नाही. म्हणजे तुमचा सगळ्यात मौल्यवान भाग पुन्हा हवेत विरतो. उपकरणाच्या दाव्यात तसं होत नाही, कारण तिथे कंट्रोलरमध्ये ती क्षमता असावीच लागते. पद्धत लिहायची असेल तर अट न घालता घडलेली गोष्ट लिहा: "ठरलेल्या काळात विनंती न आल्याचं ओळखणं आणि त्यानंतर काम सुरू करणं."

शून्यक्षेत्र
हे सोनं आहे. आता कलम ३(के) चं काय? "काम केवळ अल्गोरिदम आहे" असं म्हटलंय. आमच्याकडे नवं हार्डवेअर काही नाही, त्याच चिपवर नवं फर्मवेअर आहे.

कागदीघोडा
नवं हार्डवेअर लागत नाही. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तशी कसोटी होती, २०१७ च्या सूचनांत ती काढली. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी प्रकरणात स्पष्ट केलं की बंदी "पर सी" म्हणजे निव्वळ प्रोग्रामवर आहे. तांत्रिक परिणाम वा तांत्रिक योगदान असेल तर शोध कॉम्प्युटर प्रोग्रामवर बेतलेला आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही.

तुमच्याकडे परिणाम धडधडीत आहे: रीडची लेटन्सी आणि डेटाचं टिकणं. तो उत्तरात मोघम सांगू नका. दाव्यातली कुठली पायरी कुठला परिणाम घडवते ते जोडून दाखवा, आणि वर्णनात मोजमापं असतील तर परिच्छेद क्रमांकासकट दाखवा. "प्रोग्राम साठवलेलं माध्यम" असा दावा असेल तर तो भारतातल्या संचातून काढा, त्याच्यावर आक्षेप ठरलेला.

उलटतपासणी
अमेरिकेत कलम १०१ चा (अमूर्त कल्पनेला पेटंट नाही, हा) आक्षेप पुढे आला तर व्हिज्युअल मेमरी विरुद्ध एनव्हिडिया (२०१७) हाताशी ठेवा. तो दावा प्रोसेसरला जोडता येणाऱ्या मेमरी सिस्टीमवर होता. प्रोसेसर कुठल्या प्रकारचा आहे त्यावरून मेमरीचं वागणं ठरत होतं. बहुमताने तो अमूर्त कल्पना नाही, कॉम्प्युटरच्या मेमरीतली सुधारणा आहे, असं म्हटलं. बाहेरच्या घटकाशी नातं सांगूनही दावा स्वतःच्या पायावर कसा उभा राहतो, हे शिकायला तो निकाल मुळातून वाचावा.

शून्यक्षेत्र
सगळ्यांचं ऐकून पहिला दावा पुन्हा बांधलाय. बघा:

"एक साठवण उपकरण, ज्यात नॉन-व्होलटाइल मेमरी आणि कंट्रोलर आहे, कंट्रोलर (क) प्रलंबित अंतर्गत कामांपैकी प्रत्येकासाठी संबंधित ब्लॉकची रीड-संख्या आणि डेटा टिकण्याचा अंदाज यांवरून शेवटची मुदत काढतो, (ख) कामाची ओळख व मुदत होस्टला पाठवतो, (ग) त्या ओळखीसह आलेली, काम पुढे ढकलण्याची विनंती होस्टकडून स्वीकारतो, (घ) मागितलेली वेळ मुदतीच्या आत असेल तर तोवर काम थांबवतो, मुदतीपलीकडे असेल तर विनंती नाकारतो, आणि विनंती आलीच नाही तर मुदतीपूर्वी काम सुरू करतो."

शिवाय होस्टचा स्वतंत्र दावा दोन्ही देशांत घालावा म्हणते.

ड्रायव्हरवाला
(ख) मधलं "पाठवतो" बदला. एखादा ड्राइव्ह मुदती लॉग पेजमध्ये ठेवेल आणि होस्ट स्वतः येऊन वाचेल. मग तो म्हणणार, मी पाठवलं नाही, त्याने नेलं. "होस्टला वाचता येईल अशी उपलब्ध करतो" म्हणा. हे मी सांगतोय याचं मलाच नवल वाटतंय, पण आता हा दावा प्रामाणिक आहे.

उलटतपासणी
(क) मधलं "आणि" नको. प्रतिस्पर्धी नुसत्या रीड-संख्येवरून मुदत काढेल आणि बाहेर राहील. "यांपैकी किमान एकावरून" असं लिहा, वर्णनात दोन्ही पर्याय स्वतंत्रपणे आले असतील तरच.

आणि अमेरिकेतल्या उत्तरात गरजेपेक्षा जास्त बोलू नका. फेस्टो (२००२) नंतर मंजुरीसाठी दावा आकुंचित केला की सोडलेला भाग समतुल्यतेच्या नावाखाली (शब्द वेगळे असले तरी गोष्ट तीच, असं म्हणून) परत मागणं फार अवघड जातं. फरक दाखवायला कामनिहाय मुदत आणि नकार एवढे दोन मुद्दे पुरतात. तिथे परीक्षकाशी मुलाखत मागता येते, लेखी उत्तराआधी ती जरूर घ्या.

तळटीप
भारतात होस्टचा दावा असा आता घुसवता येणार नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्त दावा मूळ दाव्यांच्या व्याप्तीतच राहिला पाहिजे. मुदत घालून उपकरणाचा दावा आकुंचित केलात, तो बसतो. मूळ दावे सगळे उपकरणाचे असतील तर होस्टचा दावा त्या व्याप्तीबाहेर जातो. त्यासाठी कलम १६ खाली विभाजित अर्जाचा (मूळ अर्जातून वेगळा काढलेल्या अर्जाचा) विचार करा. सिन्जेंटा प्रकरणात २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटलंय की वेगळा शोध मूळ दाव्यांतच असला पाहिजे असं नाही, विनिर्देशात (अर्जातल्या तपशीलवार वर्णनात) उघड केलेला असला तरी चालतो. विभाजित अर्ज मूळ अर्ज मंजूर होण्याआधी जायला हवा, तेवढं एजंटला आजच सांगून ठेवा.

शून्यक्षेत्र
वर्णन आत्ता उघडून पाहिलं. होस्टची बाजू एका पूर्ण आकृतीत आणि तिच्या परिच्छेदांत आहे. रीड-संख्येचा पर्याय स्वतंत्र उदाहरण म्हणून आहे, टिकण्याच्या अंदाजाचाही. "उपलब्ध करणे" लॉग पेजच्या परिच्छेदात शब्दशः आहे. नकार मात्र फक्त एका फ्लोचार्टच्या चौकटीत सापडला, मजकुरात नाही.

कागदीघोडा
आकृती विनिर्देशाचाच भाग आहे, तिचा आधार चालतो. उत्तरात त्या चौकटीचा संदर्भ क्रमांक द्या, आणि दाव्यातही चौकटीतलेच शब्द वापरा, नवे शब्द आणू नका. चौकटीत नेमकं काय लिहिलंय ते इथे टाकाल का?